शिवेवरचा अडसर

महाराष्ट्राचा नकाशा उघडला म्हणजे अगदी पूर्वेच्या टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे दिसतात. १९८२ पर्यंत या दोहोंचा मिळून एकच जिल्हा होता. आता बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगा त्यांच्या मधून वाहते. पुढे वैनगंगेला वर्धा मिळते. दोघींची मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगण, तर पूर्वेला इंद्रावतीच्या बाजूस छत्तीसगड. गडचिरोली जिल्ह्याची जवळजवळ तीन चतुर्थांश भूमी वनाने व्यापलेली आहे. साग, मोह, तेंदू आणि बांबू यांच्या दाटीत वसलेली गावे लहान आहेत आणि एकमेकांपासून दूर आहेत. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे झाले, तर दोनशे किलोमीटरांच्या आसपास मजल मारावी लागते.

येथील मुख्य पीक धान. पावसाच्या आणि बोड्यांच्या पाण्यावर ते बहुधा वर्षातून एकदाच पिकते. धान कापून, मळून घरात आले की बांध्या कोरड्या पडतात आणि पुष्कळांच्या हातांना काम उरत नाही. अशा वेळी अनेक कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. खम्मम आणि वारंगळ या भागांत मिरचीचे मोठमोठे मळे आहेत. माघ-फाल्गुनात मजुरांच्या टोळ्या निघतात. कोणाच्या कडेवर तान्हे मूल, कोणाच्या डोक्यावर भांडीकुंडी आणि अंथरुणे यांचे बोचके. तेथे झोपड्या घालून राहावयाचे, दिवसभर झोंबणाऱ्या हातांनी मिरच्या तोडावयाच्या आणि उन्हाळा तापू लागला म्हणजे मजुरी घेऊन परतावयाचे, असा हा क्रम दरवर्षीचा. काहींना मजुरीचा काही भाग मिरचीच्याच रूपाने मिळतो, म्हणजे घरच्या तिखटाची चिंता मिटते. २०२० साली या टोळ्या अशाच गेल्या होत्या. त्या परत येण्यापूर्वीच जगात एक नवा रोग अवतरला.

डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वूहान या शहरात श्वसनाच्या एका अनोळखी विकाराचे रुग्ण आढळू लागले. पाहता पाहता रोगाने देशांच्या सीमा ओलांडल्या. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील पहिला रुग्ण केरळात सापडला. फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचे नाव ‘कोविड-१९’ असे ठेवले. लोकांच्या तोंडी मात्र ‘कोरोना’ हेच नाव राहिले. ९ मार्चला पुण्यात आणि त्याच आठवड्यात नागपुरात रुग्ण आढळले. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तेव्हा एकही रुग्ण नव्हता. रोग येण्यास अजून जवळजवळ दोन महिने अवकाश होता. त्याची वार्ता मात्र घरोघरी येऊन पोहोचली होती.

पूर्वी वार्ता बैलगाडीच्या किंवा फार तर आगगाडीच्या वेगाने येत असे. आता ती मोबाइलमधून क्षणार्धात येते, आणि खरी वार्ता व खोटी वार्ता दोन्ही एकाच वेगाने येतात. कोंबडीचे मांस खाल्ल्याने हा रोग होतो, अशी एक आवई मार्चच्या आधीच महाराष्ट्रभर उठली. तिला कसलाही आधार नव्हता. तरीही कोंबड्यांचे भाव कोसळले आणि कित्येक पाळणाऱ्यांना आपले पक्षी मिळेल त्या दराने विकावे लागले, काहींना ते फुकट वाटून टाकावे लागले. रोगाने या माणसांना स्पर्शही केला नव्हता. तरी त्यांचे नुकसान व्हावयाचे ते होऊन गेले. मोठ्या शहरांत शिकावयास आलेल्या ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना त्यांच्या चेहऱ्यावरून अपशब्द ऐकावे लागले. कोणी परदेशातून आलेल्यांना दोष दिला, कोणी एखाद्या धर्माच्या सगळ्याच लोकांना. ज्यांना घरीच वेगळे राहावयास सांगितले होते, अशांच्या डाव्या हाताच्या पंजामागे न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्याची पद्धत सरकारने सुरू केली. तसा शिक्का असलेला मनुष्य गाडीत दिसला, की सहप्रवासी घाबरून जात आणि त्याला मधल्याच स्थानकावर उतरविले जाई. अर्थात शिक्का असतानाही प्रवासाला निघणाऱ्याची चूक होतीच, हेही सांगितले पाहिजे.

२४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पहिली मुदत एकवीस दिवसांची होती. आगगाड्या थांबल्या, एस.टी. थांबली, बाजार ओस पडले. याच सुमारास वनातील पुष्कळ गावांनी एक गोष्ट आपण होऊन केली. गावात शिरणाऱ्या वाटेवर त्यांनी लाकडाचे ओंडके आडवे टाकले. काही ठिकाणी बांबू बांधले, काही ठिकाणी काटेरी झाडाच्या फांद्या रचल्या. बाहेरच्याला गावात प्रवेश नाही, अशा पाट्या लागल्या. तरुणांनी पाळीपाळीने पहारे दिले. गावातील माणसाने कारणाशिवाय बाहेर जाऊ नये आणि बाहेरच्याने आत येऊ नये, असे ठरले. सरकारने रस्ता बंद करण्याची वाट लोकांनी पाहिली नाही.

शहरातील काही लोकांना हे ऐकून हसू आले. ज्या जिल्ह्यात एकही रुग्ण नाही, तेथे ओंडके कशाला, असे त्यांना वाटले. परंतु या लोकांच्या जागी उभे राहून पाहिले म्हणजे हसू मावळते. गडचिरोलीला हिवताप नवा नाही. महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वांत अधिक त्रास याच जिल्ह्याने सोसला आहे. त्या तापाची थंडी, त्याचा घाम, त्यावरची गोळी हे सारे लोकांच्या ओळखीचे असते. या नव्या रोगाला ओळख नव्हती. त्यावर औषध नव्हते, लस नव्हती. घशातील नमुना तपासणीसाठी नागपूरला पाठवावा लागे आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहावी लागे. कृत्रिम श्वास देणारे यंत्र दूर कोठेतरी मोठ्या गावी. ज्याला दवाखाना दूर, त्याने वाट अडविण्यात स्वतःचे रक्षण पाहिले, यात नवल ते काय?

शिवाय रोग शिवेबाहेर ठेवण्याची कल्पना येथील माणसांना परकी नाही. झाडीपट्टीच्या खेड्यांत गावाच्या कडेला मरीमायेचे किंवा मातामायेचे ठाणे असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात मारबत काढण्याची रीत आहे. गावातील रोगराई आणि इडापीडा सोबत घेऊन जाण्याविषयी तिला मोठ्याने बजावीत लोक तिला गावाबाहेर नेतात आणि जाळून टाकतात. रोग ही बाहेरून येणारी वस्तू आहे आणि तिला बाहेर घालविता येते, ही समजूत या रीतींच्या मुळाशी आहे. संसर्गजन्य रोगाच्या बाबतीत ती अगदीच चुकीची आहे असे शास्त्रही म्हणणार नाही. अडचण निराळीच आहे. रोग स्वतःच्या पायांनी येत नाही. तो माणसाबरोबर येतो, आणि तो माणूस कित्येकदा आपल्याच घरचा असतो.

महाराष्ट्राने असा प्रसंग पूर्वीही पाहिला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या गोदीजवळील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाला तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असे ओळखले. आरंभी पुष्कळांना ते खरे वाटेना. व्यापार बुडेल या भीतीने काहींना ते खरे वाटावयास नकोच होते. पुढे मृत्यूंची संख्या वाढू लागली, तेव्हा अविश्वासाची जागा भयाने घेतली. सुमारे आठ लाख वस्तीच्या त्या शहरातून काही महिन्यांत जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. आगगाड्या भरभरून माणसे कोकणात, देशावर, गुजरातेत गेली. त्यांतील काहींच्या बरोबर प्लेगही गेला.

जे मागे राहिले, त्यांना रोगाइतकेच रुग्णालयाचे भय वाटत होते. तेथे नेलेला मनुष्य परत येत नाही, डॉक्टरच त्याला मारतात, अशा वदंता पसरल्या होत्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. आज हे वाचून आश्चर्य वाटते. परंतु रुग्णालयात बहुधा शेवटच्या घटकेला पोहोचलेलीच माणसे जात आणि तेथून त्यांची प्रेतेच बाहेर पडत, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. पाहिलेले खोटे नव्हते. त्यावरून काढलेला अर्थ तेवढा खोटा होता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. परंतु त्याने अधिकाऱ्यांच्या हाती फार मोठी सत्ता दिली. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याने ती सत्ता वापरली. रुग्ण शोधण्यासाठी गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरोघरी शिरल्या. त्यांना येथील भाषा येत नव्हती. देवघर कोणते, स्वयंपाकघर कोणते, स्त्रियांशी कसे वागावयाचे, याची त्यांनी फिकीर केली नाही. सामान बाहेर फेकले गेले, जाळले गेले. लोक आपले आजारी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रोगाविरुद्ध चाललेले काम लोकांविरुद्ध चालले आहे असे लोकांना वाटू लागले, म्हणजे ते काम कसे फसते, याचे पुण्यासारखे दुसरे उदाहरण शोधावयास नको.

त्याच पुण्यात त्याच दिवसांत आणखीही काही घडत होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाईंचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे. मुंढव्याचा एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. रुग्णांची शुश्रूषा करता करता त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देहान्त झाला. इकडे मुंबईत वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगवरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. लस धोक्याची आहे की नाही, हे लोकांना पटविण्याचा त्याहून सरळ मार्ग नव्हता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या दिवसांत घरे धुतली जात होती, कपडे जाळले जात होते आणि माणसांना माणसांपासून तोडले जात होते, त्या दिवसांत प्लेग नेमका कसा पसरतो हे कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. त्याचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. परंतु हा जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवा माणसापर्यंत आणतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखविले, आणि तेही सर्वांना पटण्यास आणखी काही वर्षे लागली. मेलेले उंदीर दिसू लागताच घर सोडून रानात झोपड्या घालणारे खेडूत त्या मानाने अधिक शहाणे ठरले. २०२० मध्येही आरंभी असेच झाले. लोक भाजी धूत होते, नोटा पुसत होते, दाराच्या कड्यांना हात लावण्यास भीत होते. हा रोग मुख्यत्वे श्वासावाटे, कोंदट आणि बंद जागेत अधिक पसरतो, हे हळूहळू स्पष्ट होत गेले.

प्लेगनंतर दोन दशकांनी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची साथ आली. पहिले महायुद्ध संपत आले होते. मुंबईच्या बंदरात उतरलेला हा ताप आगगाडीच्या रुळांनी देशभर गेला आणि पावसाळ्यानंतर त्याची दुसरी लाट भयंकर ठरली. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. तेव्हाचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, ज्या मध्य प्रांतात होता, त्या प्रांताची हानी देशात सर्वांत अधिक झालेल्या प्रांतांत मोजली जाते. त्याच वर्षी पाऊसही अपुरा पडला होता. अशक्त शरीरांवर ताप चालून आला होता.

आता पुन्हा २०२० च्या चैत्राकडे वळू. टाळेबंदीने तेलंगणातील मळ्यांवरचे काम थांबले. मजुरीला गेलेल्या माणसांजवळ थोडे पैसे होते, थोडे धान्य होते. ते किती दिवस पुरणार? वाहने बंद होती. तेव्हा पुष्कळ टोळ्या पायीच गावाकडे निघाल्या. मोठ्या रस्त्यावर पोलिसांनी अडविले, तर त्या आडवाटेने रानातून गेल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलेल्या नद्यांच्या पात्रांतून त्या अलीकडे आल्या. दिवसा ऊन असह्य होई, म्हणून पहाटे आणि रात्री चालावयाचे. बोचक्यात अंथरूण, भांडी आणि मजुरीची मिरची. बायकांच्या कडेवर मुले. वाटेत कोणी पाणी दिले, कोणी दारे लावून घेतली. शंभर-दीडशे किलोमीटर, कित्येकांना त्याहूनही अधिक, असे चालत ती माणसे आपल्या गावच्या शिवेशी आली. आणि तेथे त्यांच्याच गावाने टाकलेला ओंडका आडवा पडला होता.

ओंडक्याच्या अलीकडे पहाऱ्यावर उभा असलेला तरुण पलीकडच्या माणसाला नावाने ओळखत होता. कदाचित तो त्याचा चुलता असेल, कदाचित शाळासोबती असेल. त्याला आत घ्यावे, तर गावातील म्हाताऱ्याकोताऱ्यांचे काय? बाहेर ठेवावे, तर त्याने जावे कोठे? दोन्ही बाजूंना भय होते आणि दोन्ही बाजूंचे भय खरे होते. चालून आलेल्या माणसाला मात्र त्या क्षणी ओंडक्यामागचे कारण दिसत नव्हते. आपले घर दिसत होते.

काही ठिकाणी भांडणे झाली. काही ठिकाणी आलेल्यांना दुसरीकडे वळावे लागले. परंतु पुष्कळ गावांनी मधली वाट काढली. गावातील जिल्हा परिषदेची शाळा रिकामीच होती. तिच्या खोल्यांतून परत आलेल्यांची राहण्याची सोय झाली. जेथे शाळा लहान पडली, तेथे शेतात मांडव घातले गेले. प्लेगच्या दिवसांत माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. आता थोडीच माणसे गावासाठी बाहेर राहिली. चौदा दिवस तेथे काढावयाचे आणि अंगात ताप किंवा खोकला दिसला नाही तर घरी जावयाचे. घरून जेवण येई. आणणारा ते ओट्यावर ठेवून मागे सरे. मग आतला मनुष्य पुढे होऊन उचली. मुले दुरूनच आईबापांना पाहत. मोहाची फुले गळण्याचे ते दिवस होते. पहाटेच्या काळोखात टोपल्या घेऊन फुले वेचावयास जाणारी माणसे शाळेजवळून जाताना थांबत आणि कुंपणापलीकडून घरची हालहवाल सांगत. वर्षाच्या मिळकतीतील मोठा वाटा ज्या हंगामावर अवलंबून, तो हंगाम आतली माणसे खिडकीतून पाहत होती.

चौदाच दिवस कशासाठी? कोणताही जंतू शरीरात शिरल्याबरोबर लक्षणे दिसत नाहीत. मध्ये काही काळ जातो. या नव्या रोगात तो काळ बहुधा दोन ते चौदा दिवसांचा असल्याचे आढळले होते. तेवढ्या अवधीत लक्षणे दिसली नाहीत, तर धोका बराचसा टळला असे समजत. ही युक्तीही जुनीच आहे. काही शतकांपूर्वी प्लेगच्या भयाने इटलीतील व्हेनिस शहर बाहेरून आलेल्या जहाजांना चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवून ठेवी. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारंता’ म्हणतात. त्यावरूनच ‘क्वारंटीन’ हा शब्द आला. आपल्याकडे त्याला ‘विलगीकरण’ हा शब्द रूढ झाला. गावच्या माणसांनी त्याचे ‘कोरंटीन’ करून टाकले. ‘कोरोना’ आणि ‘क्वारंटीन’ यांची ती सांगड भाषेच्या दृष्टीने मोठी गमतीची आहे.

वेगळे ठेवणे आणि वाळीत टाकणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. शाळेत राहिलेल्या माणसाला रोज जेवण येत होते, त्याची विचारपूस होत होती आणि पंधराव्या दिवशी त्याच्यासाठी दार उघडणार होते. ज्या गावांनी हे सांभाळले, तेथे नंतर कोणी आजारी पडले तरी ते लपवून ठेवण्याचे कारण उरले नाही. जेथे सांभाळले गेले नाही, तेथे माणसे रात्रीच्या वेळी मागच्या वाटेने घरात शिरली. मग त्या ओंडक्याचा उपयोग काय राहिला?

रोगाशी प्रत्यक्ष झुंजणाऱ्यांच्या वाट्याला आलेला अनुभव तर विलक्षण होता. २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता देशभर लोकांनी दारात, गच्चीत उभे राहून डॉक्टर आणि परिचारिका यांच्या सन्मानार्थ टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. त्याच आठवड्यात काही शहरांत घरमालकांनी डॉक्टरांना आणि परिचारिकांना खोल्या सोडण्यास सांगितले, कारण ते रुग्णालयातून रोग घरी आणतील! काही ठिकाणी तपासणीसाठी गेलेल्या पथकांवर हल्ले झाले. शेवटी २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला वटहुकूम काढून १८९७ च्याच त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. रँडच्या काळी ज्या कायद्याच्या जोरावर सोल्जर घरात शिरत होते, त्याच कायद्यात सव्वाशे वर्षांनी आरोग्यसेवकांना लोकांपासून संरक्षण देणारी कलमे घालावी लागली.

वनातील गावांत हे काम मुख्यतः ‘आशा’ कार्यकर्त्यांनी केले. त्या बहुधा त्याच गावच्या सुना किंवा लेकी असतात. वही घेऊन घरोघर जावयाचे, बाहेरून कोण आले, कोणाला ताप आहे, याची नोंद घ्यावयाची. आपले नाव वहीत गेले म्हणजे आपल्याला उचलून नेतील, या भीतीने काही घरांतून त्यांना उत्तर मिळत नसे. परंतु विचारणारी बाई माडिया किंवा गोंडी बोलणारी असली, काल-परवाच तिने याच घरातील बाळंतिणीची काळजी घेतलेली असली, तर दार फार वेळ बंद राहत नसे. बचत गटांतील स्त्रियांनी शिवणयंत्रांवर कापडाचे मुखपट्टे शिवून दिले. शेजारच्या बस्तर भागातील काही आदिवासींनी तर बाजार बंद आहे म्हणून हात बांधून न बसता झाडाच्या मोठ्या पानांचे मुखपट्टे केले. त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत कौतुकाने छापली गेली. पानाचा मुखपट्टा जंतू कितपत अडवील, ही शंका रास्त आहे. परंतु काही तरी केले पाहिजे ही जाणीव त्यात होती.

मे महिन्याच्या आरंभी चंद्रपुरात पहिला रुग्ण आढळला. गडचिरोली जिल्हा त्या महिन्याच्या मध्यापर्यंत कोरोनापासून मुक्त राहिला. नंतर तेथेही रुग्ण सापडले. ते बाहेरगावाहून परतलेले आणि विलगीकरणात ठेवलेले मजूर होते. म्हणजे ओंडक्याने रोग अडविला नाही. तो कधी ना कधी येणारच होता. परंतु तो आला तेव्हा गावात मोकळा न फिरता एका खोलीत सापडला. मधल्या दीड-दोन महिन्यांत खाटा, औषधे, तपासणीची सामग्री यांची काही तरी जुळवाजुळव करता आली, हाही त्या अवधीचा लाभच म्हणावयाचा.

तेंदूपानांचा हंगाम आला, मग पाऊस आला. ओंडके एकेक करून बाजूला झाले. काही चुलीत गेले. २७ जानेवारी २०२१ पासून महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरू लागले. आदल्या उन्हाळ्यात ज्या खोल्यांतून माणसे चौदा दिवस मोजीत राहिली होती, त्याच खोल्यांत मुले नाकातोंडावर मुखपट्टे बांधून अंतराअंतराने बसली. त्याच महिन्यात लसीकरणाला आरंभ झाला होता. लस घेतली की मनुष्य मरतो, अशी वदंता वनातील गावांतही पोहोचली. मुंबईच्या आर्थर रोडची ती जुनीच वदंता जणू नवे वस्त्र नेसून आली होती. ती घालविण्यासाठी गोंडी आणि माडिया भाषांतून समजावून सांगावे लागले. गावच्या जाणत्या माणसांनी आधी लस टोचून घ्यावी म्हणून त्यांची मने वळवावी लागली.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. या वेळी चंद्रपुरात रुग्णालयांच्या खाटा भरून गेल्या आणि प्राणवायू मिळेनासा झाला. आजारी माणसाला गाडीत घालून नातेवाईक एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हिंडू लागले. काही जण राजुऱ्यावरून सीमा ओलांडून तेलंगणात गेले. तेथील रुग्णालयांतून कोणाला खाट मिळाली, कोणाला मिळाली नाही. मिरचीची बोचकी घेऊन वर्षापूर्वी माणसे ज्या प्रदेशातून पायी परतली होती, त्याच प्रदेशाच्या दिशेने त्या रात्री गाड्या चालल्या होत्या.